रंग सर्वांचा, नमुना ज्याचा त्याचा

लग्नसराई जवळ आली की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या कापड बाजारात हल्ली एक प्रश्न हटकून निघतो. दुसऱ्याच्या वेबसाइटवरील साडीची रंगसंगती आवडली आणि तीच आपण आपल्या मालात उतरविली, तर तो गुन्हा होतो काय? काही व्यापारी नोटिशीच्या धास्तीने नवे काही करीतच नाहीत. काही जण मात्र ‘जे दिसते ते सर्वांचे’ असे म्हणून सर्रास नक्कल करतात. आमच्या मते दोघांचेही चुकते.

पहिली गोष्ट, निव्वळ रंग कॉपीराइटने कोणाचा होत नाही. संगणक लाल, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्यांमधून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ छटा दाखवितो आणि प्रत्येक छटेला आकडा असतो. तो आकडा उतरवून घेणे ही चोरी नव्हे. आपल्या हळदीचेच उदाहरण घ्या. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सी.एस.आय.आर.ने त्यास हरकत घेऊन जुने पुरावे मांडले व १९९७ साली ते रद्द झाले. पिढ्यान्‌पिढ्या जे सर्वांचे आहे त्यावर एकट्याने हक्क सांगू नये, हाच त्याचा अर्थ.

परंतु रंगांची ठरावीक मांडणी ही वेगळी बाब आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात रंगांच्या संयोगालाही व्यापारचिन्ह मानले आहे. २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कोलगेटच्या दाव्यात अँकर कंपनीला दंतमंजनाच्या डब्यावर एक तृतीयांश लाल व दोन तृतीयांश पांढरा अशी मांडणी वापरण्यास अंतरिम मनाई केली. लाल रंग कोलगेटचा झाला नाही. गिऱ्हाईक फसेल अशी मांडणी तेवढी थांबली. आपल्या पिशव्या, पाट्या व खोके छापताना हे ध्यानात ठेवावे.

कापडाच्या नमुन्याचा कायदा आणखी निराळा. रेषा व रंगांच्या रचनेची २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते. तिची मुदत दहा वर्षे असून ती पाच वर्षे वाढते. अट अशी की नमुना आधी जाहीर झालेला नसावा. म्हणजे विणकराने फोटो आधी सर्वांना दाखविला व नोंदणीचा विचार नंतर केला, तर हक्क हातचा जातो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नोंदणीयोग्य नमुना नोंदविला नाही आणि कारखान्यात त्याच्या पन्नासाहून अधिक प्रती निघाल्या, तर कॉपीराइटही संपतो. सोफ्याच्या कापडाच्या मायक्रोफायबर्स खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ साली हीच भूमिका घेतली.

येथेच आमचा खरा सवाल आहे. मोठ्या गिरणीजवळ वकील असतो. हातमागावर बसलेल्या कारागिराजवळ फक्त त्याची नजर आणि मेहनत असते. त्याने काठ व पदराचे रंग महिनाभर जुळवावेत आणि आठवड्यात तोच नमुना छापील कापडावर निम्म्या भावाने बाजारात यावा, याला तिजारत कसे म्हणायचे? कायद्यात पळवाट असली म्हणून इमानदारीत ती नसते. पैठणीला २०१० साली भौगोलिक निशाणी मिळाली, तरी यंत्रावरची साडी पैठणी म्हणून विकली जातेच. यात विणकर बुडतो आणि गिऱ्हाईकही फसते.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. रंग बिनधास्त घ्या, पण त्याचा काठ, बुट्टी व पदर जसाच्या तसा उचलू नका. दुसऱ्याच्या साडीचा फोटो स्वतःचा माल म्हणून पाठवू नका. फोटोवर कॉपीराइट असतो. ठोक व्यापाऱ्याकडून माल घेताना नमुना कोणाचा हे विचारा, बिलावर लिहून घ्या. छापील माल छापील म्हणूनच विका. आणि तालुक्याच्या व्यापारी संघटनांनी विणकरांना नोंदणीचे अर्ज भरून देण्याची सोय करावी. नवा नमुना काढणाराच उपाशी राहिला, तर उद्या आपल्या दुकानात नवे काय येणार?