माहेरी जाण्याआधी साखर तपासा



१० मार्चला देशभर गर्भारपणातल्या मधुमेहाविषयी जागृतीचा दिवस पाळतात. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांचा तो जन्मदिवस. गरोदर बाईची साखर तपासायची जी सोपी पद्धत आज सरकारी दवाखान्यांत चालते, ती रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. उधन्यातल्या आपल्या वस्तीत मात्र या दिवसाची कुणाला खबर असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे समज पक्का आहे की शुगर हे सुखवस्तू, जाड माणसांचं दुखणं. नंदुरबार-नवापूरकडच्या काटक पोरीला ती कुठून होणार? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं की आपली बाळं वजनाला कमी भरली तरी अंगात चरबी जास्त घेऊन येतात. तेव्हा बारीक अंगावर भरवसा नको. ब्रिटनमध्ये बाईचं कूळ दक्षिण आशियातलं असलं, तर तेवढ्यावरच ही तपासणी करायला सांगतात. ऑस्ट्रेलिया-कॅनडातल्या मूळनिवासी बायांतही हा आजार इतरांपेक्षा जास्त.

पण रक्तालाच दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींच्या नदीचं पाणी गोऱ्यांनी वरच्या वर वळवलं. शेती बुडाली, सरकारी मैदा-साखरेवर जगणं आलं. आज ते मधुमेहासाठी जगभर ओळखले जातात. मेक्सिकोच्या डोंगरात शेतात राबणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांत तो कितीतरी कमी. आपणही नागली-ज्वारी गावाकडे ठेवून आलो. इथे खारी, दिवसातून चार वेळा गोड चहा, आणि बायांचं बैठं काम, साड्यांना टिकल्या लावायचं. पिमांच्याच अभ्यासातून हेही दिसलं की आईला गर्भारपणी मधुमेह असेल तर लेकरालाही तरुणपणीच तो गाठायचा धोका वाढतो.

तपासणी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा वर गेला तर उपचार. उपाशीपोटी जावं लागत नाही. (प्रायश्चित्तकाळात गरोदर बाईवर उपवासाची सक्ती चर्चही करत नाही, हे सासूबाईंनी लक्षात घ्यावं.) बहुतेकींना खाण्याचं पथ्य आणि चालणं पुरतं, काहींना गोळ्या किंवा इन्सुलिन लागतं.

खरी अडचण पुढेच आहे. पहिली तपासणी नाव नोंदवताना होते. दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात. नेमकी तेव्हाच पोर डोहाळजेवण करून ताप्ती लाइनच्या गाडीने माहेरी निघते. इथली सिस्टर म्हणते गावी गेली, गावचे म्हणतात सुरतला झालं असेल. शिवाय दोन तास बसणं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणं.

तेव्हा फादरांना विनंती, मिस्सानंतरच्या सूचनांत दोन मिनिटं यासाठी द्यावीत. महिला मंडळाने आशाबहेनकडून गरोदर बायांचे महिने विचारून ठेवावेत, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर मातांची मोफत तपासणी असते तिथे कुणीतरी सोबत जावं. मजुरी बुडते तिला मंडळाच्या पेटीतून शंभर-दोनशे द्यायला काय हरकत आहे? सणाच्या मांडवावर आपण याहून जास्त घालवतो. तपासणीचा कागद ममता कार्डाला टाचून तिच्या पिशवीत द्यावा. ज्यांची साखर वाढलेली निघाली त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायची असते. बाप्तिस्म्याची तारीख विचारायला घरचे येतील, तेव्हा हेही विचारता येईल.

– एक निवृत्त शिक्षक, उधना