प्रकाशाची वाट आणि मक्तेदारांचे नाके

11 डिसेंबर 2023 रोजी तीन कोटी दहा लाख किलोमीटरवरील ‘सायकी’ यानाकडून लेसरच्या झोतावर एका मांजराचे चलच्चित्र पृथ्वीवर आले आणि भांडवली वृत्तपत्रसृष्टीला भरते आले. मांजराचे नाव काय, ते कोणाचे, तांबड्या ठिपक्यामागे ते कसे धावले, सारे छापून झाले. ज्यांनी हा प्रकाश एवढ्या दुरून पकडला, त्यांचे पुढे काय झाले? दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 2024 मध्ये, हा प्रयोग सिद्ध करणाऱ्या कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या सुमारे 530 कर्मचाऱ्यांना नारळ देण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी सुमारे 325 गेले, ऑक्टोबर 2025 मध्ये सुमारे 550.

या संस्थेने साधले ते सामान्य नव्हते. रेडिओलहरींचा झोत दूर जाताना इतका पसरतो की सत्तर मीटरच्या तबकडीच्या पदरीही त्याचा कणभर अंशच पडतो. लेसरची तरंगलांबी हजारो पटींनी लहान. झोत अरुंद, म्हणून माहिती कितीतरी अधिक वाहते. परंतु नेम धरणे महाकठीण. यान पळते, पृथ्वीही पळते, प्रकाशाला पोहोचण्यास मिनिटे लागतात. तेव्हा पृथ्वी आहे तेथे नव्हे, ती असेल तेथे झोत रोखावा लागतो. यानावरील दुर्बीण अवघी 22 सेंटिमीटरची. पालोमार येथील, 1948 साली उद्घाटन झालेल्या पाच मीटरच्या हेल दुर्बिणीला जोडलेला अतिवाहक तारांचा शोधक एकेक प्रकाशकण टिपीत असे. मांजर आले ते सेकंदाला 267 मेगाबिट वेगाने. डिसेंबर 2024 मध्ये 49 कोटी 40 लाख किलोमीटरवरूनही संपर्क झाला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये 65 व्या सत्रानंतर प्रयोग संपला.

भुकेल्या जगाला ही चैन कशाला, असे डाव्या चळवळीतील काही जण विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. 1975-76 मध्ये अमेरिकेच्याच एटीएस-6 या सरकारी उपग्रहावरून भारतातील 2,400 खेड्यांत शेती व आरोग्याचे कार्यक्रम पोहोचले, तेही कोणाला चैनच वाटले असते. तंत्र कोणाच्या हाती, हा खरा वाद आहे.

आणि ते हातातून निसटत आहे. पृथ्वीनजीकच्या यानांचे संदेश वाहणारी नासाच्या मालकीची उपग्रहमालिका नोव्हेंबर 2024 पासून नव्या मोहिमांना बंद झाली. त्यांनी खासगी कंपन्यांकडून सेवा विकत घ्यावी, असे ठरले. जुलै 2025 च्या कायद्याने मंगळासाठी संदेशवाहक यान कंपन्यांच्या निविदांतून घेण्यास 70 कोटी डॉलर ठेवले. यंत्रे कंपन्यांकडून घेणे नवे नाही. सायकीचा सांगाडाही एका कंपनीचाच आणि अग्निबाणही खासगीच. पण गाडी विकत घेणे वेगळे आणि प्रत्येक फेरीला रस्त्याचा टोल भरणे वेगळे. जोखमीचा काळ जनतेच्या पैशावर गेला. पीक तयार होताच मळणीला मालक हजर!

विशेष हे की निसर्गच येथे मक्तेदारीच्या आड येतो. ढग आले की लेसर अडतो. म्हणून एका कंपनीचे वा एका राष्ट्राचे केंद्र पुरणार नाही; निरनिराळ्या देशांतील कोरड्या आकाशाची शिखरे जोडावी लागतील. जुलै 2025 मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने ग्रीसमधील दोन वेधशाळांतून याच सायकीशी संधान बांधून हे सहकार्य शक्य असल्याचे दाखविले. लडाखमध्ये हानले येथे सुमारे 4,500 मीटर उंचीवर भारताची सार्वजनिक वेधशाळा आहे. 2020 पासून खासगी भांडवलाला अंतराळाची दारे उघडण्यात गुंतलेल्या भारत सरकारने तेथे लेसर-केंद्र उभारून ते सर्व राष्ट्रांच्या समाईक जाळ्यात, भाड्याविना, देऊ करावे, अशी मागणी वैज्ञानिक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आणि संसदेतील डाव्या सदस्यांनी आताच लावून धरली पाहिजे. कंत्राटे वाटून झाल्यावर ती करण्यात अर्थ उरणार नाही.