वेताळाचा भाव कोणी ठरवायचा?

आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेने घर बदलताना माळ्यावरची पत्र्याची पेटी रिकामी केली. पेटीत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक होते. रद्दीवाल्याने ते वर्तमानपत्रांबरोबर तागडीत घातले आणि किलोच्या दराने नेले. काही आठवड्यांनी त्यांतलाच एक अंक, मुखपृष्ठावर त्यांच्या मुलाने शाईने घातलेल्या नावासकट, एका विक्रेत्याकडे ‘दुर्मीळ, उत्तम स्थिती’ अशा वर्णनासह मांडलेला दिसला. मागितलेली रक्कम साऱ्या पेटीला मिळालेल्या पैशांच्या कितीतरी पट होती. ही हकीकत मराठीच्या एका प्राध्यापकांना सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, “कॉमिक्सला कसली आली वाजवी किंमत?”

या उद्गारात विचारणा नाही, निकाल आहे. आणि त्या निकालाशीच आमचे भांडण आहे.

‘वाजवी बाजारभाव’ ही संज्ञा तशी मोघम नाही. अमेरिकी करकायद्याने तिची व्याख्या केली आहे. घेणारा राजी, देणारा राजी, दोघांपैकी कोणावरही सक्ती नाही आणि वस्तूविषयीची आवश्यक माहिती दोघांनाही पुरेशी आहे, अशा स्थितीत ज्या किमतीस सौदा पटेल ती वाजवी किंमत. या कसोटीवर वरील दोन्ही आकडे नापास होतात. शिक्षिकाबाईंना वस्तू काय आहे हेच ठाऊक नव्हते, म्हणून किलोचा दर वाजवी नाही. विक्रेत्याने मागितलेली किंमतही बाजारभाव नव्हे, कारण त्या किमतीस अंक कोणी घेतलेलाच नाही. मागितलेल्या किमतीलाच भाव समजून दुसरा विक्रेता त्याहून थोडी अधिक मागतो, आणि अशा रीतीने एकही व्यवहार न होता भाव चढतो.

हे मूल्यमापन शिस्तीने कसे होते, हे पाहायचे तर अमेरिकेकडेच पाहावे लागते. तेथे १९७० पासून ओव्हरस्ट्रीट यांची किंमतसूची निघते. २००० पासून ‘सीजीसी’ ही संस्था अंक तपासून ०.५ ते १० या मापावर त्याची प्रत ठरवते. पिना गंजल्या आहेत का, पाठीवर घड्या किती, मधले पान शाबूत आहे का, मागाहून डागडुजी झाली आहे का, हे सारे पाहिले जाते. सुपरमॅन प्रथम अवतरला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा जून १९३८चा पहिला अंक दहा सेंटांचा होता. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याची ८.० दर्जाची प्रत १० लाख डॉलरना विकली गेली. पुढच्याच महिन्यात ८.५ दर्जाची प्रत १५ लाखांना. दोन व्यवहारांवरून नियम काढता येत नाही हे खरे. पण तेथे ‘उत्तम स्थिती’ या दोन शब्दांवर कोणी समाधान का मानत नाही, हे यावरून कळावे.

या बाजाराचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल व जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरना विकले. ज्या धनादेशात ही रक्कम समाविष्ट होती, तो कागद २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरना गेला. सौदा राजीखुशीचा होता. तो वाजवी होता असे म्हणण्याचे धाडस कोण करील? ज्याच्या बाजूला माहिती आणि सवड नसते त्याचे नुकसान होते, हा धडा न्यूयॉर्कच्या प्रकाशनगृहात खरा होता आणि आमच्या रद्दीच्या दुकानातही खरा आहे.

आता आमच्या विद्वज्जनांकडे वळू. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेले इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडले. त्याच्या मराठी आवृत्त्यांतून ली फॉक यांचा फँटम ‘वेताळ’ होऊन घरोघरी पोचला. अनुवादाचा, बालवाचनाचा, बोलीच्या घडणीचा हा केवढा मोठा ऐवज! पण कोणता अंक पहिल्या छपाईचा, मूळ कथेतले काय गाळले, भाषांतर कोणाचे, हे विचारायला जावे तर आमचे विभाग सोवळ्यात. याच मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची सूची सिद्ध करून १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. त्या परंपरेचे नाव आम्ही भाषणांत घेतो आणि पेट्या मात्र रद्दीवाल्यासाठी उघडतो.

“साहित्यात बाजार आणू नका,” असा आक्षेप येईलच. बाजार केव्हाच आला आहे. किलोचा दर हीदेखील किंमतच आहे, आणि ती आमच्या अनास्थेने ठरवली आहे. पैशाने वाङ्मयीन मूल्य मोजता येत नाही हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु ते मूल्य ज्या कागदावर छापले आहे तो कागद टिकतो की लगदा होतो, हे पुष्कळदा त्याच्या भावावर ठरते. जाणत्यांनी अंग काढून घेतले की भाव ठरवायला फक्त विक्रेता उरतो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील अंकांची नोंद करावी: क्रमांक, तारीख, छापील किंमत, पाने, भाषांतरकाराचे नाव आढळल्यास ते, आणि फाटके, कसर लागलेले, शाईने नाव घातलेले असे जे असेल ते स्पष्ट शब्दांत. अंक खरोखर विकला गेला असेल तर कितीला गेला, तेही लिहावे. मागितलेला आकडा लिहू नये. असे काही शे व्यवहार नोंदले गेले की वाजवी किमतीविषयी बोलता येईल. तोवर एकीकडे तागडी आहे आणि दुसरीकडे विक्रेत्याची मर्जी.

त्या शिक्षिकाबाईंनी तीस वर्षे मराठी शिकवले. पेटी उघडण्यापूर्वी त्यांना दोन शब्द सांगू शकेल असे त्यांच्याच विषयात कोणी नव्हते.