एकाच घरच्या दोन मोटारी

२००८ हे साल टाटांच्या उद्योगाच्या इतिहासात मोठे विलक्षण म्हटले पाहिजे. जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी 'नॅनो' लोकांपुढे आणली. आणि जूनमध्ये त्यांच्याच कंपनीने इंग्लंडातील 'जॅग्वार' ही नामांकित कंपनी फोर्डकडून विकत घेतली. पुढे २०१३ साली जॅग्वारची 'एफ-टाइप' ही डौलदार स्पोर्ट्‌स कार बाजारात आली. एकाच घरच्या या दोघी. पैकी लाडकी झाली ती धाकटी.

तिचे कौतुक करण्यास आम्हां मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. ८ सिलिंडरांचे ५००० सी.सी.चे इंजिन, वेग ताशी ३०० किलोमीटर! उलट नॅनोचे इंजिन २ सिलिंडरांचे, ६२४ सी.सी.चे, तेही मागच्या बाजूस. वेग फार तर १०५. काच पुसावयास वायपर एकच, प्रत्येक चाकाला नट तीनच. परंतु मला बुद्धीची खरी कसोटी दिसते ती येथेच. पैसा मुबलक असला म्हणजे कुशल अभियंत्यास वेग वाढविणे साधते. स्कूटरवरून पावसात भिजत जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला १ लाख रुपयांत डोक्यावर छप्पर द्यावयाचे, तर काय घालावे यापेक्षा काय वगळावे याचाच विचार अधिक करावा लागतो. शिवाय एफ-टाइपमध्ये बसतात दोघे, नॅनोत चौघे!

बंगालमधील सिंगूर सोडून नॅनोचा कारखाना आपल्या गुजरातेत साणंदला आला, तो २०१० साली सुरू झाला. नॅनोत उणिवा नव्हत्या असे नाही. २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत तिला एकही तारा मिळाला नाही. ही गोष्ट क्षुल्लक खचित नव्हे. तथापि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले, त्याला आणखी एक कारण झाले. 'सर्वांत स्वस्त' हे बिरुदच तिला भोवले. खुद्द रतन टाटांनीही पुढे तसे बोलून दाखविले. स्वस्त गाडी दारात उभी करण्याची लोकांना लाज वाटली.

आमच्या दांडिया बाजारातील आळीत एक पिवळी नॅनो अद्याप आहे. तिला आम्ही मुले हसत असू. मीही हसलो आहे. गेल्या श्रावणात शेजारच्या आजींना एकाएकी दवाखान्यात न्यावे लागले. पाऊस कोसळत होता, आणि आमच्या बोळात मोठी मोटार वळत नाही. त्या रात्री आजींच्या दारापर्यंत आली ती पिवळी नॅनोच.