आठ आणे फरक म्हणजे किती?

'काका, गुडघा कसा आहे?' 'रुपयात आठ आणे फरक आहे, वैद्यराज.' आपल्या चिकित्सालयांत हा संवाद नित्य घडतो. केसपेपरवर 'उपशय ५० टक्के' असे लिहून आपण गुग्गुळकल्प पुढे चालू ठेवतो. या आठ आण्यांचा हिशेब आपण कधी तपासला आहे काय?

मध्यंतरी जानुसंधिगत वाताच्या, सत्तरी ओलांडलेल्या एका रुग्णाची तीन वर्षांची नोंद आम्ही पुन्हा वाचली. नोंदीत उत्तरोत्तर सुधारणा होती. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी ते जानुबस्तीसाठी एस.टी.ने एकटे येत, दुसऱ्या वर्षी मुलाच्या स्कूटरवर. तिसऱ्या वर्षी नातू येऊन औषध नेऊ लागला व 'आजोबांचे दुखणे कमी आहे' एवढे सांगू लागला. तेही आम्ही उपशय म्हणूनच लिहिले! चालणे थांबले होते, म्हणून दुखणे थांबले होते. दोष रुग्णाचा नव्हे, आमच्या प्रश्नाचा होता.

वास्तविक चरकाचार्यांनी विमानस्थानातील दशविध परीक्षेत व्यायामशक्तीचा समावेश केला आहे आणि ती कर्मशक्तीवरून परीक्षावी असे सांगितले आहे. रुग्ण काय सांगतो यापेक्षा तो काय करू शकतो, हे पाहण्याची दृष्टी आपलीच आहे. मात्र प्रवर, मध्यम, अवर या तीन श्रेणींत तीन महिन्यांतील बदल दिसत नाही.

१९६३ साली कॅट्झ यांनी स्नान, वस्त्रे नेसणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रनियंत्रण व भोजन या सहा कर्मांची श्रेणी मांडली. परावलंबी रुग्णासाठी ती उत्तम. पण चिकित्सालयात चालत येणाऱ्या वृद्धास बहुधा सहापैकी सहा गुण मिळतात आणि त्याचा ऱ्हास झाकलेला राहतो. शिवाय घरात कमोड बसविला की 'शौचास बसताना त्रास होतो का?' याचे उत्तर एका रात्रीत 'नाही' होते. सुधारले ते घर, गुडघा नव्हे. म्हणून 'मांडी घालता का?' आणि 'घालता येते का?' हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणातही क्षमता आणि प्रत्यक्ष आचरण यांत हाच भेद केला आहे.

यापुढे जाऊन घड्याळ लावावे. १९९१ साली पॉडसिआड्लो व रिचर्डसन यांनी सुचविलेल्या चाचणीत रुग्ण हातांच्या खुर्चीवरून उठतो, नेहमीच्या चालीने तीन मीटर जातो, वळून परत येतो व बसतो. लागलेले सेकंद लिहावयाचे. खर्च खडूच्या एका रेघेचा. मात्र खुर्ची, पादत्राणे व काठी दर वेळी तीच असावी, स्नेहन-स्वेदनानंतर लगेच चाचणी घेऊ नये आणि तोल जाण्याची शक्यता असते म्हणून वैद्याने रुग्णाच्या बाजूसच उभे राहावे.

औषधालयाच्या मालकांनाही विनंती आहे. वर्षानुवर्षे स्वतः येणारे आजोबा औषधासाठी दुसऱ्यास पाठवू लागले, तर चिठ्ठीवर तेवढे लिहून वैद्यांस कळवावे.

हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, असा आक्षेप येईल. आम्हांस अडचण दुसरीच वाटते. गेल्या वर्षापासून आम्ही सेकंद लिहू लागलो. 'आठ आणे' सांगणाऱ्या काही रुग्णांचे सेकंद मुळीच घटलेले नाहीत, दोघांचे तर वाढले आहेत. त्यांची चिकित्सा आम्ही बदलली आहे.