हात गेला तर जाऊ द्या

पंजा लढवणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कॉलेजच्या बाकावर, रसवंतीच्या टेबलावर, हळदीची पोती उतरवून झाल्यावर थप्पीच्या कडेला, दोन कोपरं टेकली की झाली जोड सुरू. पण आता या खेळाला चांगले दिवस आलेत. २०२३ साली दिल्लीत प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम झाला, लढती मोबाइलवर आल्या आणि पोरांना खरं टेबल हवंसं वाटू लागलं. वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा सांगाडा, वर प्लायवूड, कोपराखाली रेक्झिनची गादी आणि रिकाम्या हाताने धरायला दोन खुंट्या. एवढ्यावर काम भागतं.

मग टोळी जमते. बारवर ओला टॉवेल टाकून त्याला लोंबकळायचं, प्लेटी बोटांच्या चिमटीत धरून चालायचं, पट्ट्याला वजन बांधून मनगट मुडपायचं, मध्येच पुलअप आणि शेवटी सगळ्यांनी सगळ्यांशी पंजा. एक जण आकडे मोजणार. कुणी थांबला की सगळ्यांना पुन्हा दहा. साताऱ्यात पहाटे अजिंक्यतारा चढून आलेली आणि सांगलीत आमराईला पळून आलेली पोरं वर हेही करतात. याची मजा मी नाकारणार नाही. एकटा माणूस पन्नास जोरांना थांबतो, बरोबर चार जण असले की शंभर निघतात. घोळ नेमका तिथेच आहे. ते वरचे पन्नास अंगाने दिलेले नसतात, लाजेने काढलेले असतात.

आपल्या तालमीतली मेहनतही सगळ्यांनी मिळूनच व्हायची. पण नव्या पोराच्या हाती वस्ताद आधी खोरं द्यायचा. हौद उकर, माती उलथ, पाणी मार. त्यातच पंजा, मनगट आणि कंबर तयार व्हायची. जोर-बैठकांचा आकडा वस्ताद पठ्ठ्या बघून ठरवायचा. शेजारचा हजार बैठका मारतो म्हणून तूही मार, असं शहाणा वस्ताद म्हणत नसे. टोळीत वस्ताद नसतो, मोजणारा असतो. एवढा फरक पुरे होतो.

पंजाच्या बाबतीत हा फरक जास्त महागात पडतो, कारण दंड लवकर भरतो पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा सावकाश तयार होतात. दोन-तीन महिन्यांत पोराचा दंड शर्टाच्या बाहीत मावेनासा होतो. कोपराच्या आतल्या बाजूची कंडरा मात्र अजून जुन्याच ताकदीची असते. म्हणून दुखणं तिथूनच सुरू होतं. आधी टेबलावर, मग बादली उचलताना, मग दाराची कडी काढताना. गोळी खाऊन, पट्टी बांधून रेटायचं हे दुखणं नव्हे. हे चालू असताना पंजा बंद ठेवायचा, बाकी अंग चालू ठेवायचं. एरवीही पूर्ण जोराचा पंजा आठवड्यातून एकदा पुरे. रोज लढून हात बनत नाही, झिजतो.

हात मोडण्याचं कारण वेगळं आहे. हरत आलेला गडी हात सोडवत नाही, खांदा आत घालतो, अंग पिळतो आणि तोंड दुसरीकडे फिरवतो. हात मागे राहतो, धड पुढे जातं. सगळा पीळ दंडाच्या हाडावर येतो आणि हाड पिळल्यासारखं मोडतं. आवाज आख्ख्या जिमला ऐकू जातो. या हाडाला वेटोळं घालून एक नस जाते. ती दुखावली तर मनगट लोंबतं आणि महिनोन् महिने उचलता येत नाही. हे बहुधा नवख्यांचं होतं, मुरलेल्यांचं कमी. टाळायचं कसं, ते सोपं आहे: नजर स्वतःच्या मुठीवर ठेवायची आणि मूठ स्वतःच्या छातीसमोर. ती तिथून निसटली आणि हात गेला, तर जाऊ द्या. स्पर्धेतले पंच याच अवस्थेत खेळाडूला ओरडून सावध करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फार दिवसांनी आलेल्या किंवा अगदी नव्या पोराला टोळीने पहिल्याच दिवशी पिळून काढलं, त्यातही पुलअप आणि वजन सावकाश खाली सोडण्याचे प्रकार भरपूर करून घेतले, तर स्नायू नुसते दुखत नाहीत, फुटतात. त्यातला मळ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात अडकतो. एक-दोन दिवसांत दंड सुजून टणक होतो, हात सरळ होत नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. उन्हाळ्यात, पाणी कमी प्यायलं असेल तर धोका आणखी वाढतो. अशा वेळी मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून खाऊ नका, तीही मूत्रपिंडालाच नडते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. साताऱ्यात आणि सांगलीत सरकारी रुग्णालय आहे, सांगलीकरांना मिरज तर हाताशीच आहे. कालची मेहनत आणि लघवीचा रंग, दोन्ही डॉक्टरांना सांगा. लाजू नका. वेळेत सलाइन लागलं तर बहुतेक पोरं पूर्ण बरी होतात, उशीर झाला तर डायलिसिसची पाळी येऊ शकते.

दमणं म्हणजे हार, हे खूळ डोक्यातून काढा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची हेलसिंकी ऑलिंपिकची गोष्ट सातारा जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे, पण तिचा अर्धा भाग आपण सोडून देतो. १९५२ साली जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली आणि सांगतात की लगेच त्यांना सोव्हिएत मल्लाशी उभं केलं. मधल्या विश्रांतीसाठी भांडायला आपला कुणी अधिकारी तिथे नव्हता. खाशाबांनी ब्राँझ आणलं, पण विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता, असं मानणारे कितीतरी आहेत. ऑलिंपिकच्या मल्लाला जी विश्रांती लागते, ती पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला लागत नाही का?

दमच लागू नये म्हणून इंजेक्शन घेणाऱ्यांविषयी एवढंच सांगतो. जिमच्या नावाने विकलं जाणारं मेफेंटरमाइन हे ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. ते ताकद देत नाही, थकव्याची जाणीव मारतं आणि हृदयाला पळवतं. देणारा मित्र नव्हे.

टोळी मोडा असं मी म्हणत नाही. टोळी हवीच, नाहीतर निम्मे गडी दिवाळीनंतर फिरकणार नाहीत. फक्त आकडा ज्याचा त्याने ठेवावा, थांबलेल्याला कुणी हसू नये आणि नव्याला पहिला महिना टेबलाला हात लावू देऊ नये.

आणि गणेशोत्सवात, यात्रेत पंजाच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड पूर्ण जुळलेलं नसतं, जोराच्या पंजात त्याचा टवका उडतो. तेव्हा सतराच्या आतल्या पोरांची नावं घेऊ नका, मग बाप स्वतः घेऊन आला तरी. टेबलाशी नियम माहीत असलेला पंच उभा करा. तो मिळत नसेल तर त्या वर्षी रस्सीखेच ठेवा.