वाढदिवस बेटावर, जन्मगाव पाण्याखाली



वाढदिवसाला नवरा-बायकोने दोन दिवस एखाद्या बेटावर जाऊन यायचं, ही गोष्ट आता आपल्या बुऱ्हाणपुरातही नवलाची राहिलेली नाही. कुणी अंदमानला जातं, कुणी दोन वर्षं पैसे साठवून बालीला. निळं पाणी, नारळाची झाडं, टेबलावर छोटासा केक आणि मागून येऊन बायकोच्या डोळ्यांवर हात ठेवणारा नवरा, हे सगळं मोबाईलवर बघून बघून आपल्याला पाठ झालंय. आणि त्यावरचं घरातल्या मोठ्यांचं वाक्यही पाठ झालंय: "आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं!"

मला आधी या जोडप्यांची बाजू घ्यायची आहे. आमच्या वेळी नव्हतं, हे खरंच. आपल्या कितीतरी आज्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. त्या सगळ्या काही त्या दिवशी जन्मल्या नाहीत. खरी तारीख कुणी लिहूनच ठेवली नव्हती. "पेरणी चालू होती तेव्हा झाले," "तापीला मोठा पूर आला त्या साली झाले," एवढीच नोंद. घरात मुलग्याचं औक्षण व्हायचं, सुनेचा वाढदिवस कधी असतो ते विचारायचीही पद्धत नव्हती. त्या घरात आज एक नवरा बायकोच्या जन्मतारखेसाठी सुट्टी काढतो, यात थेरं कसली? उशिरा का होईना, एक चांगली गोष्ट घडते आहे.

शिवाय आपली घरं बघा. खाली माग, वर राहायच्या दोन खोल्या. दिवसभर खटखट, रात्रपाळी असेल तर रात्रभर. सासू-सासरे, दीर-नणंदा, मुलं. नवरा-बायकोला एकमेकांशी सलग दहा मिनिटं बोलायला मिळत नाहीत. त्यांना दोन दिवस शांत पाण्याकाठी बसावंसं वाटलं तर ती चैन नाही, गरज आहे.

आता मुद्द्याकडे येते. उष्ण कटिबंधातलं बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. पण भूगोलाचं पुस्तक उघडा. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं उत्तरेकडून जातं. म्हणजे आपण, आपलं खंडवा, आपला सगळा निमाड उष्ण कटिबंधातच आहे. आणि बेटंही आपल्याकडे आहेत. खंडव्याहून मूंदीच्या रस्त्याने गेलं की इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात हनुवंतियाचा टापू लागतो. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथे पहिला जल महोत्सव झाला. तेव्हापासून कॉटेज, तंबू, बोटी, सगळं आहे. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. विमानाचं तिकीट नको, पासपोर्ट नको. त्यामुळे ज्यांचं बजेट बालीचं नाही त्यांचं 'मिनी बाली' तेच.

गेल्या हिवाळ्यात माझे चुलत दादा-वहिनी वहिनीच्या वाढदिवसाला तिथे जाऊन आले. फोटो सुंदर होते. चहूकडे पाणी, मधे हिरव्यागार टेकड्या, मावळतीचा सूर्य. मी वहिनीला विचारलं, "त्या टेकड्या कसल्या आहेत, कुणी सांगितलं का?" ती म्हणाली, "बेटं आहेत ना गं, अजून काय?"

बेटं आहेत, पण समुद्रातल्या बेटांसारखी हजारो वर्षांची नाहीत. ती आपल्या वयाची आहेत. २००४ पर्यंत त्या टेकड्याच होत्या. त्यांच्या पायथ्याशी शेतं होती, गावं होती, शाळा होत्या. नर्मदेवर पुनासाजवळ बांधलेल्या या धरणाची कोनशिला २३ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींच्या हस्ते बसली. वीस वर्षांनी पाणी भरलं. साठवण क्षमतेच्या हिशेबाने हा देशातला सर्वांत मोठा जलाशय. पाण्याचा पसारा ९०० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे अख्खी मुंबई दीड वेळा मावेल एवढा. त्यात सुमारे अडीचशे गावं बुडीत क्षेत्रात गेली, काही पूर्ण, काही अर्धी. हरसूद तर तहसिलीचं गाव होतं. बाजारपेठ, कचेऱ्या, शाळा, रेल्वे स्टेशन असलेलं. ३० जून २००४ पर्यंत गाव खाली करा, असा हुकूम होता. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, दारं-चौकटी-पत्रे ट्रॅक्टरवर लादले आणि निघाले. विजय मनोहर तिवारी या पत्रकाराने ते दिवस जवळून पाहिले आणि 'हरसूद ३० जून' या नावाचं हिंदी पुस्तक लिहिलं. तारीखच पुस्तकाच्या नावात आहे. मला ते नाव वाचलं की वाटतं, ही त्या गावाची मृत्यूची तारीख.

तुमच्यापैकी जे गाडीने इटारसी-भोपाळला जातात त्यांना खंडव्याच्या पुढे छनेरा स्टेशन लागतं. नवं हरसूद तिथे वसवलं आहे. जुनी रेल्वेलाइनसुद्धा पाण्यामुळे हलवावी लागली. आपण खिडकीत बसून शेंगदाणे खात ते स्टेशन मागे टाकतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुन्या हरसूदचे अवशेष दिसू लागतात. जुनी माणसं आपलं घर कुठे होतं ते शोधायला तिथे जातात.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. वाढदिवस म्हणजे काय? आपण जन्मलो तो दिवस. जन्माच्या दोन खुणा असतात, एक तारीख आणि एक ठिकाण. आज्यांकडे ठिकाण होतं, तारीख नव्हती. हरसूदच्या माणसांकडे तारीख आहे, ठिकाण नाही. फॉर्मवर 'जन्मस्थान' असा रकाना येतो तेव्हा ती ज्या गावाचं नाव लिहितात, तिथे आता बोट चालते. त्यातली सगळ्यांत लहान मुलं आपल्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी आहेत. आणि आपण आपला वाढदिवस नेमका त्यांच्या जन्मगावांच्या वर, बोटीत बसून साजरा करतो. हे आपल्याला माहीतही नसावं, याचं मला वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, मग काय जाऊच नये का? तसं माझं मुळीच म्हणणं नाही. त्या पाण्यापासून आपल्यापैकी कुणीच लांब नाही. धरणावरच्या वीजघराची क्षमता १००० मेगावॅट. ती वीज मध्य प्रदेशाच्या जाळ्यात येते आणि त्याच जाळ्यावर आपले माग चालतात. मी हा लेख लिहितेय तो दिवाही त्यावरच. बेटावर न गेल्याने आपण हात झटकून मोकळे होत नाही. आणि टापूवर पर्यटक आले तर बोटवाल्याला, चहावाल्याला, खोल्या साफ करणाऱ्या बाईला रोजगार मिळतो. त्यांच्यात बुडालेल्या गावांतली माणसं असतील तर त्यांना तो सगळ्यांत आधी मिळायला हवा.

दुसरं कुणी म्हणेल, सुट्टीला गेल्यावर असलं दुःख कशाला उगाळायचं? मूड जातो. यावर मला अंदमानचं उदाहरण द्यावंसं वाटतं. मराठी माणूस अंदमानला गेला की सकाळी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघतो, तिथे हात जोडतो, कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस स्वराज द्वीपच्या किनाऱ्यावर बायकोबरोबर पाण्यात खेळतो. सहल बिघडली असं कुणी म्हणत नाही. उलट परत आल्यावर दोन्ही सांगतो, आणि कोठडीचं जास्त सांगतो. म्हणजे आनंद आणि आठवण एकाच सहलीत राहू शकतात. फक्त कुणीतरी ती आठवण जपलेली असावी लागते. तिथे तुरुंगाची भिंत उभी आहे म्हणून दिसते. हनुवंतियाला बघण्यासारखं जे होतं ते खाली आहे, म्हणून दिसत नाही.

हे फक्त आपल्याच प्रदेशाचं आहे असंही नाही. महाराष्ट्रात पवना धरणाच्या काठी तंबू ठोकून वाढदिवस करायची तरुणांत केवढी हौस आहे! कोयनेच्या शिवसागरात तापोळा-बामणोलीहून बोटी सुटतात. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला धावतात. या प्रत्येक पाण्याखाली कुणाची तरी गावं आहेत. कोयनेची माणसं पार सोलापूर, रायगड, ठाणे जिल्ह्यांत नेऊन वसवली गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीत सत्याग्रह उभा केला तो याच प्रश्नावर. हरसूदलाही २८ सप्टेंबर १९८९ ला देशभरातून हजारो माणसं जमली होती आणि त्यांत आपले बाबा आमटे होते. मराठीत विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहे, धरणग्रस्तांवरची, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. म्हणजे मराठी वाचकाला हा विषय परका नाही. वाचनालयात आपण त्याला ओळखतो, बोटीत बसल्यावर विसरतो.

आपण बुऱ्हाणपूरकर तर हे विसरायला नको, कारण आपण स्वतः पाहुण्यांच्या गावात राहतो. तापीपलीकडे जैनाबादला आहुखाना आहे. तो मुळात शाही मौजमजेचा बाग, राजा-राणीने निवांत वेळ घालवायची जागा. जून १६३१ मध्ये आपल्या शहरात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. मुलगी जन्मली, आई राहिली नाही. तिला आधी त्याच बागेत दफन केलं होतं, सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. बाहेरचे पाहुणे आले की आपण त्यांना हे सांगतोच सांगतो. कुणी नुसती सेल्फी काढून निघालं तर आपल्याला राग येतो. "अहो, थांबा, ही जागा काय आहे ते तरी ऐका," असं आपण म्हणतो. एका राणीसाठी आपण एवढे हळवे आहोत, ते बरोबरच आहे. आपल्या गावी आलेल्यांकडून आपण जी अपेक्षा करतो, ती दुसऱ्याच्या गावी गेल्यावर आपण पाळावी, एवढंच मी मागतेय.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी, तिन्ही जमण्यासारख्या.

पहिली, जाणाऱ्यांसाठी. जरूर जा. केक कापा, फोटो काढा, एकमेकांशी पोटभर बोला. पण बोटीत बसलात की बोटवाल्या भाऊंना एक प्रश्न विचारा: "भैया, आपका पुराना गाँव कौन-सा?" आणि मग मोबाईल खाली ठेवून ऐका. ते सांगतील किंवा सांगणार नाहीत. पण विचारणारं कुणीतरी आलं होतं, हे त्यांना कळेल.

दुसरी, सरकारच्या पर्यटन खात्यासाठी. बोटीच्या धक्क्यावर दरपत्रक लागतं, सुरक्षेच्या सूचना लागतात. तिथेच एक मोठा नकाशा लावावा, पाणी भरायच्या आधीचा. त्यावर प्रत्येक गावाचं नाव, रस्ता, नदी. त्याला फार खर्च येणार नाही. पण खंडव्याची आजी नातवाला बोट दाखवून म्हणू शकेल, "हे बघ, इथे माझं माहेर."

तिसरी, आपल्या साहित्य मंडळासाठी. आपण दरवर्षी कथा-कविता स्पर्धा घेतो. या वर्षी एक स्पर्धा कमी करू आणि त्या वेळात विस्थापित कुटुंबांच्या आठवणी लिहून घेऊ. छनेरा गाडीने फार लांब नाही. खंडव्यात, इथे बुऱ्हाणपुरातही शोधलं तर माणसं सापडतील. निमाडी, कोरकू, हिंदी, मराठी, ज्या भाषेत ती बोलतील त्या भाषेत. गावात विहीर कुठे होती, पोळ्याला बैल कुठून निघायचे, शाळेत मास्तर कोण होते, आणि तुमचा जन्म कोणत्या घरात झाला. ज्यांना हे आठवतं ती माणसं म्हातारी होत चालली आहेत. टापू पुढच्या वर्षीही तिथेच असेल. या माणसांचं तसं सांगता येत नाही.

ज्यांना यायचं आहे त्यांनी आपलं नाव मंडळाच्या सचिवांकडे द्यावं. वही-पेन आपापलं आणावं.